सापळा पडला की फोन वाजतो

दक्षिणवारा | शनिवार, दुपारी १:१५

परवा पहाटे पावणेतीनला फोन थरथरला. परदेशात राहणाऱ्याला अशा वेळी फोन आला की छातीत धस्स होतं. बायको झोपेतच म्हणाली, "कोण गेलं?" चष्मा शोधून मेसेज वाचला. सापळा क्रमांक १४, पडला. म्हटलं, "उंदीर गेला. झोप."

इथे वेलिंग्टनला आमच्या वस्तीमागच्या टेकडीवर ३२ सापळे आहेत. गल्लीतले आम्ही पाच जण ते सांभाळतो. पगार नाही, मानधन नाही, चिखल भरपूर. मागे एका धाग्यात दोघातिघांनी विचारलं होतं की हे काय खूळ आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माणूस पोचायच्या आधी न्यूझीलंडच्या जमिनीवर सस्तन प्राणी म्हणजे फक्त वटवाघळं होती. त्यामुळे पक्षी निवांत होते. काही तर उडायचंच विसरले. काकापो हा इथला थोराड पोपट, धोका दिसला की जागच्या जागी पुतळा होतो. आकाशातून बघणाऱ्या शिकारी पक्ष्याला चकवायला ही युक्ती उत्तम. पण वास काढत येणाऱ्या जनावरापुढे ती म्हणजे आयतं वाढलेलं ताट. लहान उंदीर पॉलिनेशियन लोकांच्या होड्यांतून आला, मोठे उंदीर युरोपियन जहाजांतून. १८३७ मध्ये कातड्याच्या धंद्यासाठी ऑस्ट्रेलियातून पॉसम (पिल्लू पोटाच्या पिशवीत वाढवणारं, झाडांवरचं केसाळ जनावर) आणले. मग सशांनी उच्छाद मांडला (ससेही आणलेलेच), म्हणून १८८० च्या दशकात स्टोट सोडले. स्टोट म्हणजे मुंगसाला लाटून बारीक केल्यासारखं जनावर. सशामागे धावण्यापेक्षा किवी या न उडणाऱ्या पक्ष्याचं पिल्लू सोपं, हे त्याला लगेच कळलं. राखण नसेल तिथे किवीच्या शंभर पिल्लांतली पाचेक मोठी होतात.

२०१६ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान जॉन की यांनी जाहीर केलं की २०५० पर्यंत देशभरातून उंदीर, पॉसम आणि स्टोट-फेरेट-वीझल हे भाऊबंदांचं त्रिकूट पूर्ण काढायचं. २०२५ च्या नोव्हेंबरात रानात वाढलेली मांजरंही त्या यादीत गेली.

आता फोनकडे येतो. पूर्वी आम्ही दर रविवारी सगळे सापळे फिरायचो. ३२ पेट्या, प्रत्येकीचं झाकण स्क्रूने बंद. उघडायचं, आत बघायचं, शिळं आमिष काढून नवं ठेवायचं. उंदराला पीनट बटर, स्टोटला अंडं किंवा सशाचं मांस. साडेतीन तास जायचे आणि ३२ पैकी २९ रिकाम्या निघायच्या. थोडक्यात आमची रिकाम्या पेट्यांची वारी चालायची. आता त्यातल्या बारांवर सेन्सर आहे. सापळ्याच्या दांडीला लोहचुंबक, पेटीला डबी. दांडी पडली की डबी जागी होते, रेडिओवरून चार अक्षरं पाठवते आणि परत झोपते.

पण मला त्या डबीचं दुसरं काम जास्त मोलाचं वाटतं. काही घडो न घडो, दिवसातून एकदा ती "मी आहे" एवढं कळवते. नाहीतर गप्प बसलेला सापळा रिकामा आहे की डबीची बॅटरीच संपली आहे, हे घरबसल्या कसं समजणार?

जिवंत पकडायच्या पिंजऱ्यांच्या बाबतीत तर हा प्रश्न पैशाचाच आहे. इथल्या १९९९ च्या प्राणी कल्याण कायद्यानुसार असा पिंजरा मांडला की रोज, सूर्योदयापासून बारा तासांच्या आत, तो तपासावाच लागतो. दोनशे पिंजरे डोंगरात मांडले तर रोज दोनशे ठिकाणी माणूस पाठवायचा, तोही बहुतेक वेळा रिकामा पिंजरा बघायला. म्हणून पिंजऱ्याची खबर दुरून आणि खात्रीने कशी मिळवायची, यावर इथे बरंच डोकं लावलं गेलंय.

बाकी मेयोनीज, उष्णता बघणारे कॅमेरे वगैरे गमती कोणी विचारल्या तर सांगेन. हात दुखला.

चकलीबहाद्दर | शनिवार, दुपारी २:०५

आमच्या सोसायटीतला उंदीर स्वतःच वायफायची वायर कुरतडतो. नेट गेलं की समजायचं, आलाय. एवढंच आमचं दूरस्थ निरीक्षण. (हलकेच घ्या.)

मेयोनीजचं काय? अर्धवट सोडू नका.

दक्षिणवारा | शनिवार, दुपारी २:३०

@चकलीबहाद्दर, थट्टा नाही. झिरो इनव्हेजिव्ह प्रिडेटर्स, म्हणजे झिप नावाची संस्था आहे. दक्षिण बेटावर वेस्टलँडमध्ये पर्थ नदीचं खोरं आहे, साधारण १२,००० हेक्टर, बर्फाळ डोंगर आणि दांडग्या नद्यांनी वेढलेलं. तिथे पोचायला हेलिकॉप्टर लागतं. आमिष बदलायला दर आठवड्याला हेलिकॉप्टर कोण उडवणार? म्हणून त्यांनी एक छोटं यंत्र बनवलं. ते ठरलेल्या वेळाने ताज्या मेयोनीजचा एक ठिपका बाहेर ढकलतं. अंड्याचा वास आला की उंदीर, पॉसम, स्टोट तिघंही येतात. समोर कॅमेरा बसवलेला असतो.

तिथले सापळे आणि यंत्रं रेडिओवरून एकमेकांमार्फत निरोप पुढे ढकलतात आणि शेवटी तो उपग्रहावरून बाहेर जातो. खोऱ्यात मोबाइलला रेंज शून्य.

अक्षता_को | शनिवार, दुपारी ४:१०

माहिती छान, पण वाचताना कसंतरी झालं. उंदराचा काय दोष? त्याला जहाजात कोणी बसवलं? आणि आपण गणपतीच्या वाहनाच्या मरणाचा मेसेज फोनवर घेऊन "झोप" म्हणतो. तुम्हाला काही वाटत नाही?

दक्षिणवारा | शनिवार, संध्याकाळी ५:००

वाटतं. पहिली पेटी उघडली तेव्हा बाजूला जाऊन उलटी केली होती. उंदराचा दोष नाहीच, आणणाऱ्याचा आहे. पण आणणारे गेले दीडशे वर्षांपूर्वी, आणि टेकडीवरच्या पक्ष्याचं घरटं या वर्षीचं आहे.

आमच्या पेटीत आहे तो डॉक २००, सरकारी संवर्धन खात्याने विकसित केलेला. जनावर किती सेकंदांत बेशुद्ध होतं हे तपासूनच असे सापळे मान्य होतात. पेटीला आत आडव्या जाळ्या असतात, त्यामुळे पक्षी आत पोचत नाहीत. मी झाकण उघडण्याआधी मनात हात जोडतो. शेजारच्या किवी (म्हणजे इथल्याच, न्यूझीलंडच्या) आजोबांनी एकदा पाहिलं. आता तेही टोपी काढतात.

सर्किट_पुणे | शनिवार, रात्री ९:२०

कामाचा धागा. माझे प्रश्न:

लोरा (कमी विजेवर लांब पोचणारा रेडिओ) वापरता की मोबाइलचं सिम? बॅटरी किती टिकते? आणि खोट्या सूचना किती येतात? आमच्या एका शेतकरी मित्राला विहिरीच्या पंपासाठी असं काही करून दिलं होतं. पहिल्या पावसात डबीत मुंग्यांनी वारूळ केलं.

दक्षिणवारा | रविवार, सकाळी ८:४५

लोरा. एक निरोप म्हणजे जेमतेम काही बाइट, त्यामुळे वीज नगण्य लागते. टेकडीच्या माथ्यावर एक उंच खांब आहे, तिथे रिसीव्हर. समोरासमोर असेल तर काही किलोमीटर सहज जातं, पण मध्ये डोंगराची एक सोंड आडवी आली की बोंब. आमचे ९, १० आणि २७ नंबर ओढ्यात आहेत, त्यांना कधीच सिग्नल मिळाला नाही. तिथे अजून पायीच जातो. बॅटरी बदलून मला दोन वर्षं झाली, अजून चालू आहे.

खोट्या सूचना येतात. एका वादळी रात्री अकरा सापळे "पडले". वेलिंग्टनचा वारा तुम्ही अनुभवलेला नाही, इथे कचऱ्याचे डबे गल्ली ओलांडतात. सकाळी जाऊन पाहिलं तर आठ पेट्या फांद्यांनी हलल्या होत्या, दोन रिकाम्याच पडल्या होत्या. अकराव्यात खरंच उंदीर होता आणि आम्ही त्यावर विश्वास ठेवायच्या मनःस्थितीत नव्हतो.

मुंग्यांचं अगदी खरं. आमच्याकडे गोगलगाई.

गमट्री | रविवार, सकाळी ११:३०

अॅडलेडहून. आमच्याकडे दुखणं मांजर. घरातलं नव्हे, पिढ्यानपिढ्या माळरानात वाढलेलं. ते पिंजऱ्यात सहसा जात नाही, आमिषाला भुलत नाही, त्याला जिवंत हलणारंच लागतं. म्हणून जॉन रीड या पर्यावरणशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने फेलिक्सर नावाचं यंत्र बनलं. सौर पॅनलवर चालतं. समोरून काही गेलं की लेझर किरणांनी त्याची उंची आणि चाल मोजतं. मांजर असेल तरच अंगावर विषाच्या जेलचा एक फवारा मारतं, कांगारू असेल तर गप्प. प्रत्येक वेळी फोटो काढून ठेवतं, आणि नुसते फोटो काढायच्या स्थितीतही ठेवता येतं, म्हणजे आधी चुका मोजता येतात.

विष अंगावर पडून काही होत नाही. मांजर स्वच्छ जनावर, ते स्वतःला चाटतं. तिच्या टापटिपीचाच सापळा केलाय. हे वाचल्यापासून आमच्या घरच्या बोकोबाला अंग चाटताना बघवत नाही.

वाकडा_प्रश्न | रविवार, दुपारी १:५०

सगळे कौतुकात आहेत म्हणून मी जरा काडी टाकतो.

एक, पर्थच्या खोऱ्यात मेयोनीजच्या आधी हेलिकॉप्टरने १०८० हे विष टाकलं होतं ना? ते का लिहिलं नाही? त्याविरुद्ध तिथे मोर्चे निघतात. दोन, देश जवळपास महाराष्ट्राएवढा आणि २०५० ची तारीख. मेसेज पाठवणाऱ्या डब्यांनी उंदीर संपत नसतात. तीन, वस्तीत कॅमेरे लावायचे म्हणजे उंदरासोबत शेजारीही दिसणार.

दक्षिणवारा | रविवार, दुपारी ३:१५

वाकडे असले तरी तिन्ही प्रश्न बरोबर आहेत.

एक: हो, टाकलं होतं. आकडा शून्याजवळ विषानेच आणला. पहिल्या पोस्टमध्ये लिहायला हवं होतं. कुत्र्यांना ते फार घातक आहे आणि केआ हा डोंगरी पोपट चौकस असल्याने तोही बळी पडू शकतो, म्हणून विरोध होतो. यंत्रं आली ती त्यानंतरच्या कामाला. नद्या ओलांडून एखादा उंदीर परत आलाच तर तो सापडावा आणि सगळ्या खोऱ्यावर पुन्हा विष टाकावं लागू नये, यासाठी.

दोन: इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. २००४ साली ऑकलंडच्या संशोधकांनी मोतुहोरोपापा नावाच्या उंदीरमुक्त बेटावर मुद्दाम एक उंदीर सोडला. गळ्यात रेडिओ कॉलर, नाव रझ्झा. प्रश्न एवढाच होता की एकटा उंदीर पकडायला किती वेळ लागतो? सापळे, आमिषं, शिकवलेले कुत्रे, सगळं झालं. कॉलरमुळे तो कुठे आहे हे कळत होतं, तरी हाती लागेना. काही आठवड्यांनी सिग्नलच गेला. पठ्ठ्या ४०० मीटर समुद्र पोहून शेजारच्या ओताता बेटावर गेला होता. एकूण १८ आठवडे लागले. जेम्स रसेल आणि सहकाऱ्यांनी ते 'नेचर'मध्ये छापलं.

म्हणजे हजार उंदरांना मारणं मेहनतीचं, पण जमणारं काम आहे. उरलेल्या एकाचं तसं नाही. त्याने सापळे पाहिलेले असतात, भोवती स्पर्धा नसते, पोट भरलेलं असतं. आमच्या शहरात मिरामार नावाचा द्वीपकल्प आहे, वीसेक हजार वस्तीचा. तीन बाजूंना समुद्र आणि चौथ्या बाजूला अरुंद पट्टीवर चक्क विमानतळ, म्हणजे कुंपण आयतंच. तरी २०१९ मध्ये सुरू केलेलं काम २०२३ च्या नोव्हेंबरात संपलं. बराचसा काळ शेवटच्या मोजक्या उंदरांनी खाल्ला. कुणाच्या परसात, कुणाच्या कोंबडीच्या खुराड्याखाली. तिथे कॅमेरा नसता तर अंधारात चाचपडणंच होतं.

तीन: परसात कॅमेरा लावायचा तर घरमालकाला विचारूनच, आणि तो जमिनीलगत तोंड खाली करून. माझ्या चित्रफितींत आजवर दिसलेला सर्वात मोठा गुन्हेगार म्हणजे रात्री दोनला उघड्या पायांनी कचरा टाकायला आलेले शेजारी. उष्णतेच्या कॅमेऱ्यात चेहरा दिसत नाही, पांढरा ठिपका दिसतो. त्यांना मी अजून सांगितलेलं नाही.

तोफूवडी | रविवार, रात्री १०:४०

"उरलेला एक" वरून लिहावंसं वाटलं. मी नऊ वर्षं जपानात होते, तिथे अमामी ओशिमा बेटावर जायचा योग आला. तिथला खलनायक कोण माहितेय? आपला मुंगूस!

१९७९ साली तिथे तीसेक मुंगसं सोडली. कारण हाबू हा विषारी साप. मुंगूस साप मारतो, सगळ्या जगाला माहीत. फक्त एक बाब कुणी बघितली नाही, मुंगूस दिवसा हिंडतो आणि हाबू रात्री. दोघांची गाठच पडली नाही. मुंगसाला मग सापडला अमामी ससा, काळसर, आखूड कानांचा, जगात फक्त तिथे आणि शेजारच्या तोकुनोशिमावर राहणारा. २००० च्या सुमारास मुंगसं दहा हजारांवर गेली होती.

२००५ मध्ये 'अमामी मंगूस बस्टर्स' नावाचा पूर्णवेळ चमू उभा राहिला. जंगलभर हजारो सापळे, शेकडो सेन्सर कॅमेरे, आणि मुंगसाचा वास काढणारी कुत्री. शेवटचा मुंगूस पकडला एप्रिल २०१८ मध्ये. आणि बेट मुंगूसमुक्त झाल्याची घोषणा? ३ सप्टेंबर २०२४. मधली सहा वर्षं ही सगळी माणसं रिकामे सापळे आणि रिकामे फोटो बघत होती. ससे, पक्षी, पाऊस, परत ससे. मुंगूस नाही, मुंगूस नाही, मुंगूस नाही, असं सहा वर्षं.

दक्षिणवारा, तुमच्या डबीचं रोजचं "मी आहे" वाचलं तेव्हा मला हेच आठवलं. कॅमेरा चालू होता हे सिद्ध झालं नाही तर त्यातल्या "मुंगूस नाही"ला काडीची किंमत नाही.

शब्दवेडा | सोमवार, सकाळी ७:२०

छान चाललंय. दोन अवांतर.

जपानात गेलेला तो आपल्या बांधावर दिसणारा राखी मुंगूस नव्हे. तो लहान भारतीय मुंगूस, उत्तर भारत-बांगलादेशाकडचा. तोच १८७२ मध्ये कलकत्त्याहून जमैकाला नेला होता, उसातल्या उंदरांसाठी, आणि १८८३ मध्ये हवाईला. सगळीकडे तोच तमाशा.

इंग्रजीतला 'मंगूस' हा शब्द मात्र मराठी 'मुंगूस'वरूनच गेलाय, कोशांत तशी नोंद आहे. जगभर त्या जनावराला शिव्या पडतात त्या आपल्या शब्दात. आणि आपल्याकडे घराबाहेर पडताना मुंगूस आडवा गेला तर काम फत्ते समजतात. अमामीतल्या सशाला सांगून बघा.

न्यूझीलंडमध्ये साळुंक्याही १८७० च्या दशकात नेल्यात ना? त्यांना सापळा नाही का?

दक्षिणवारा | सोमवार, सकाळी ९:१०

@तोफूवडी, दंडवत. आमच्या गटाच्या बैठकीत वाचून दाखवणार आहे, इंग्रजी करून.

@शब्दवेडा, साळुंकी २०५० च्या यादीत नाही. उत्तरेकडे, ऑकलंडच्या बाजूला बक्कळ आहेत, वेलिंग्टनच्या थंडीत त्यांचं जमत नाही. ऑकलंडला गेलो की त्यांचा कलकलाट ऐकून मला सांगलीचं घर आठवतं आणि बरोबरचे लोक वैतागलेले असतात. मी गप्प बसतो.

बाणकोटची_खाडी | सोमवार, दुपारी १२:३५

हे सगळं वाचून आमच्या किनाऱ्याचं लिहितो. वेळासला (मंडणगड तालुका) ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. पूर्वी गावातलीच माणसं अंडी काढायची. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावाला सोबत घेऊन संरक्षण सुरू केलं. आता माणसापासून भीती कमी, पण कुत्री आणि कोल्हे घरटी उकरतात.

आमच्याकडे उपाय उलटा आहे. मारायचं कुणालाच नाही. कोल्हा तर इथलाच, त्याचाही हक्क. आम्ही अंडीच हलवतो. पहाटे किनारा चालून कासवाच्या पावलांचा माग काढायचा, घरटं शोधायचं, अंडी अलगद जाळीच्या कुंपणात, तेवढ्याच खोलीचा खड्डा करून पुरायची. पन्नासेक दिवसांनी पिल्लं निघायच्या सुमाराला वर टोपली पालथी घालतात. सकाळ-संध्याकाळ टोपली उचलून बघायची, पिल्लं वर आली असतील तर समुद्राकडे सोडायची. आमचा सेन्सर म्हणजे कासवमित्राचे डोळे.

दूरस्थ म्हणाल तर जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या एका मादीला उपग्रह ट्रान्समीटर लावला होता. 'प्रथमा' नाव ठेवलेलं. ती कुठे फिरते ते इथे बसून कळायचं. कासव अरबी समुद्रात कुठवर गेलं ते कळतं, पण रात्री कुंपणाच्या जाळीखालून कुत्रं घुसलं तर सकाळी सहाला कळतं.

वाकडा_प्रश्न | सोमवार, दुपारी १:०५

शेवटचं वाक्य जबरी. आणि तुमची पद्धत मला जास्त पटली. पण ती चालते कारण कोल्हा आणि कासव हजारो वर्षं एकत्र राहिलेत आणि अंडी उचलून नेता येतात. किवीला कुंपणात घालता येतं, सगळ्या जंगलाला नाही.

दक्षिणवारा | सोमवार, दुपारी १:४०

वेलिंग्टनमध्ये तेही केलंय. झीलँडिया नावाचं २२५ हेक्टरचं रान, भोवती ८.६ किलोमीटरचं उंदीर न चढू शकणारं कुंपण. पण पक्षी कुंपणावरून उडून बाहेर येतात, आमच्या टेकडीवर घरटं करतात. मग आमचे ३२ सापळे.

सर्किट_पुणे | सोमवार, रात्री ८:५५

@बाणकोटची_खाडी, जाळीखालून घुसतं हे कळवायला काही फार लागणार नाही. जाळीच्या तळाला ताणलेली तार, किंवा प्रत्येक टोपलीला कलंडली की कळवणारी डबी. गावात एका घरी रिसीव्हर. खाऱ्या हवेने गंजणार, म्हणून डबी रेझिनमध्ये बुडवून द्यावी लागेल. लाल दिवा वगैरे काही नको, पिल्लं उजेडाकडे वळतात. रात्री कुंपणाजवळ कोणी असतं का?

बाणकोटची_खाडी | सोमवार, रात्री ९:३०

बारापर्यंत कोणी ना कोणी असतं. पहाटे पाचला मागाची फेरी सुरू होते. मधले पाच तास कोणी नसतं.

कासव संरक्षित प्राणी आहे, वनखात्याची परवानगी लागेल. ती मी विचारतो, इथले वनरक्षक ओळखीचे आहेत. टोपलीला नको, वारा सुटला की टोपल्या रोज कलंडतात, तुमचा फोन रात्रभर वाजेल. जाळीच्या तारेचं बघू. जाळी पूर्व-पश्चिम सरळ आहे, समुद्राकडच्या बाजूला वाळू सरकते आणि तिथूनच घुसतात. उद्या मोजून लांबी व्यक्तिगत निरोपात कळवतो.

सर्किट_पुणे | सोमवार, रात्री ९:३४

वाळू किती खोल सरकते तेही मोजा. आणि डबीचं रोजचं "मी आहे" कुणाच्या फोनवर यायला हवं ते ठरवून ठेवा.